डाव्या हाताचं माप

शिलाई संपवून तिने बाहुली सुलटी केली, पेन्सिलीच्या बोथट टोकाने नाकाचा कोपरा बाहेर काढला आणि स्वतःशीच पुटपुटली, आहे खरी माझ्यासारखी. तेच बसकं नाक, तीच रुंद हनुवटी, केसांच्या जागी करडी लोकर. तीस वर्षं शाळेचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवण्यात गेली होती. हातात घालायची बाहुली शिवण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही एकेका बोटाचं माप घेऊन.

माप नवऱ्याच्या डाव्या हाताचं होतं. उजवा हात अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने लुळा पडला, त्याच सकाळी वाचाही गेली. आता सांगा, ज्या माणसाने उभा जन्म बसस्थानकाच्या भोंग्यावरून गाड्या पुकारल्या, ज्याने घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांनी आपली गाडी लागली समजून पिशव्या उचलाव्यात, त्याच्या तोंडून साधं 'हं'सुद्धा निघू नये? डॉक्टर तर म्हणाले होते की त्यांना काही कळत असेलच असं नाही. ती मात्र हट्टाला पेटली होती. त्याने पूर्वीसारखं एकदा 'अगं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

बाहुलीची कल्पना बोलण्याचा सराव घ्यायला घरी येणाऱ्या थेरपीवाल्या ताईची. स्वतःच्या तोंडून जे निघत नाही ते कधी कधी दुसऱ्याच्या तोंडून निघतं, असं ताईचं म्हणणं. फक्त चेहरा ओळखीचा हवा. घरात ओळखीचे चेहरे उरले होते दोनच, आणि आरसा समोर धरला की तो मान फिरवायचा. मग राहिली कोण?

दुपारी त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवून ती बाहुली डाव्या हातावर चढवायला गेली, तर जाईना. करंगळीच्या खणात अंगठाच अडकला. तिने निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कापड उलट घालून कापलं होतं. हाताखालच्या पोरीने असं केलं असतं तर तिने तिला सोलून काढलं असतं. बाहुली बेतली गेली होती ती उजव्या हाताला.

बाहुली त्याच्या मांडीवर टाकून ती कात्री आणायला आत गेली. सगळं पुन्हा उसवायचं म्हणून कुरकुरत परतली आणि दारातच थबकली.

बाहुली उजव्या हातावर होती. एक सुरकुती नाही, अगदी मापात. डाव्या हाताने ओढून चढवली असेल, तिने स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात बाहुलीने मान वर केली.

अकरा महिने तो हात तिनेच उचलला होता, तिनेच धुतला होता, तिनेच उशीवर ठेवला होता. त्या बोटांत जीव नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी ती पुढे गेली, कारण त्याचे ओठ हलत होते. आता म्हणेल, तिला वाटलं. आता 'अगं' म्हणेल.

बाहुलीने लाल अस्तराचं तोंड उघडलं.

"सुटू देत हे एकदाचे, म्हणजे मीही सुटेन."

आवाज त्याचा, फाटका, पण बोलण्याची ढब तिची. हे ती एकदाच बोलली होती, मागच्या महिन्यात, त्याच्या चादरी धुताना, मोरीचं दार लोटून आणि नळ पूर्ण सोडून. तेव्हा तो झोपला होता. निदान तिला तसं वाटलं होतं. शरमेने तिचे कान तापले. त्याची नजर खिडकीबाहेर होती. बाहुली मात्र तिच्याकडेच पाहत होती.

दारावरची घंटा वाजली तशी तिने घाईघाईने बाहुली ओढून काढली. आतला हात नेहमीसारखाच थंड आणि लुळा होता.

"काय काकू, बोलले का काही?" थेरपीवाल्या ताईने आत येता येताच विचारलं.

"नाही हो. एक अक्षर नाही."

ताईने धीर दिला, वेळ लागतो म्हणाली. नाक हुबेहूब जमल्याचं कौतुक केलं, माप उलटल्याचं ऐकून हसली आणि डाव्या हाताची नवी शिवायला सांगून, तासभर चित्रांचा सराव घेऊन गेली. तो एकदाही बोलला नाही.

दाराला कडी लावून तिने टेबलावर नवं कापड पसरलं, खडूने एक रेघ ओढली आणि तिथेच थांबली. मग खडू ठेवून दिला. शिवलेली बाहुली उचलून, एकेक बोट आपापल्या खणात सारत, तिने ती स्वतःच्या हाताने त्याच्या उजव्या हातावर चढवली. स्टूल ओढून समोर बसली.

"अहो," ती म्हणाली, "आणखी काय काय ऐकलंत?"