संजीवनीच्या शेताचा बॅकअप

मुरबाडच्या एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक असलेल्या जगदीशने बायकोला शब्द दिला होता, की रविवारी तिचं शेत तिला परत मिळेल. शब्द देण्याची तशी गरज नव्हती. पण ‘बॅकअप घेऊन ठेवलाय’ हे वाक्य तो वर्षभर इतक्या थाटात म्हणत आला होता, की माघारीला जागाच उरली नव्हती.

शेत गेमच्या कन्सोलमधलं होतं. सातबाऱ्यावर त्यातला गुंठाभरही नव्हता, तरी संजीवनीने ते चार वर्षं कसलं होतं. अंगणवाडीतून आली की चहा आणि मग शेत. अकरा गुरं होती, भोपळ्याचा वाफा होता. गेल्या मे महिन्यात डोळखांबच्या लग्नाहून परतल्या परतल्या कन्सोल पिशवीसकट कपाटात गेला, कारण मुलीची दहावी सुरू होत होती. परीक्षा संपली, कपाट उघडलं, तर कन्सोल नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि तिथेच थांबायचा.

जगदीश डगमगला नाही. लग्नाआधीच त्याने सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. असा बॅकअप कुलूपबंद असतो. ज्या कन्सोलमधून तो घेतला, त्याच्याच पोटातली किल्ली, म्हणजे अंक-अक्षरांच्या लांबलचक ओळींची एक फाइल, काढून ठरलेल्या फोल्डरात ठेवली की तो उघडतो. कन्सोल अडकलेला असला तरी ती काढता येते. हे ज्ञान त्याने तीन व्हिडिओ पाहून मिळवलं होतं. त्यातले दोन तमिळ होते.

किल्लीची फाइल निघाली, फोल्डरात बसली, आणि लॅपटॉप म्हणाला, ही किल्ली या बॅकअपची नाही. तीनदा तेच. चौथ्यांदा जगदीशने फाइलचं नाव बदलून पाहिलं, कारण ऑफिसातली काही कामं त्याने अशीच मार्गी लावली होती.

“झालं का वो?” संजीवनीने विचारलं.

“होतंय. किल्ली बसवतोय.”

“सकाळधरनं बसवताय. कुलूप तोडून झालं असतं.”

शेवटी त्याने कबूल केलं. “बॅकअप याच मशिनचा, किल्लीपण याच मशिनची. तरी म्हणतंय जुळत नाही.”

संजीवनीने कन्सोल उलटा करून पाहिला. “मांडवात पोरं दोन घेऊन बसलेली. एक आपला, एक भागीचा. कळश्या, टोपं, पराती, समद्यांवर नावं घातलेली, म्हणून घरोघर बरोब्बर गेली. ह्याच्यावर नाव कुठं होतं?”

जगदीशला एक तांत्रिक खुलासा सुचला. तो त्याने गिळला.

संजीवनीने शहापूरला धाकट्या बहिणीला, भाग्यश्रीला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “भागे, तुझ्या गेममधी शेत आहे का गो?”

“आहे ना. लग्नाहून आल्यावर यांनीच टाकून दिलं मला, सरप्राइज म्हणून. ताई, काय सांगू, अकरा गुरं आयती. आता सव्वीस झाली.”

पलीकडे तिचा नवरा किशोर खोकला.

“साडूभाऊ, तुम्ही टाकलंत?” जगदीशने विचारलं.

“मी फक्त म्हटलं, आवडलं का,” किशोर लांबून म्हणाला. “माझा फुटबॉलचा गेम गेला, तो पोरांनी उडवला वाटलं. टाकलं असं मी म्हटलं नव्हतं.”

“म्हटलंवतंत,” भाग्यश्री म्हणाली. “वर आता साडी नको ना, असंपण म्हटलंवतंत.”

दुपारी दोघं मोटरसायकलवरून कन्सोल घेऊन आले. जगदीशने त्यातली किल्ली काढून फोल्डरात ठेवली. हिरवी पट्टी सरकली, बॅकअप उघडला. “हा आता चढवतो,” तो म्हणाला. “मे महिन्यात होतं तस्सं.”

“थांबा,” दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

“जुनं चढवलंत तर माझी पंधरा गुरं जातील, भावजी.”

संजीवनी पडद्याकडे बघत होती. दोन वर्षं मनात असलेला दगडी गोठा तिथे उभा होता. नदीकाठी आमराई धरली होती. “आंबे तू लावलेस?”

“मी. आणि तुझा भोपळा काढून टाकला. किडका होता गो.”

संजीवनीने जरा वेळ भोपळ्याचं दुःख केलं. मग नवऱ्याकडे वळली. “ते जुनं ठेवा बाजूला. आज आहे ते दोघींच्यात घाला.”

वर्षभर कौतुकाने जपलेला बॅकअप जगदीशने बंद केला. त्याने आजचा नवा घेतला. अडकलेला कन्सोल पुसून कोरा केला आणि सकाळी काढलेली त्याची किल्ली वापरून शेत त्यातही उतरवलं. पुसण्यात फुटबॉल कायमचा गेला. किशोरने हरकत घेतली नाही. आज त्याला बोलायला फारसा वाव नव्हता.

संध्याकाळी दोन्ही पडद्यांवर एकच शेत होतं. बहिणी मांडीला मांडी लावून बसल्या. भाग्यश्री नव्या गुरांची ओळख करून देत होती. “ही चांदी, ही मोगरी, ही हिची पाडी.”

“आणि हा बैल?”

“त्याचं नाव किशोर.”

“का गो?”

“काम करत नाय. पण पुढं उभा राहतो.”

किशोर हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. जगदीशही हसला. जुन्या अकरांची नावं त्याने चार वर्षांत कधी विचारली नव्हती. आजही विचारली नाहीत.