मसुराएवढी खपली

डॉक्टरीणबाईंनी तापानं फणफणलेल्या भिंगरीचा डावा मोजा काढला. बोटांच्या बेचक्यांत काही नाही. उजवा. तिथंही नाही.

काखा? नाही. गुडघ्यांमागं? नाही. बेंबी, जांघा, पाठ? छे!

"पोरीच्या अंगावर काय हरवलंय तुमचं?" सिस्टरनी विचारलं.

"खपली. काळी, मसुराएवढी. सिगरेटचा चटका बसल्यासारखी."

सहा दिवस ताप. आत्ता एकशे चार. मलेरिया नाही, डेंगी नाही, टायफॉइड नाही. घरभर गरगर फिरते म्हणून भिंगरी नाव पडलेली सहा वर्षांची पोर हाकेला पापणीसुद्धा धड उचलत नव्हती.

"वहिनी, ही गवतात गेली होती?"

"माझ्याच सोबत. मी भारा बांधेपर्यंत लोळत होती मेली," आई म्हणाली आणि जीभ चावली.

डॉक्टरीणबाईंच्या अंगात वारं शिरलं.

"वेणी सोडा तिची."

"सकाळीच घातलीय हो, तिथं काही..."

"सोडा!"

केस बाजूला. कानामागं. अजून थोडं वर.

"सिस्टर! सापडली!"

शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडू लागलं.

"लॉटरी लागल्यासारखं ओरडता काय," म्हणत सिस्टरनीही मान लांब केली.

"लागलीच की! गवतातला बारीक किडा चावलाय, त्याचा ताप हा. डॉक्सी काढा, वजन बघून."

"रिपोर्ट परवा येईल."

"रक्त पाठवा. रिपोर्ट येईल सावकाश. औषध आत्ता."

संध्याकाळी एकशे तीन. सकाळी एकशे दोन. डॉक्टरीणबाई उगाच त्या खाटेजवळून जात. पेन विसरलं म्हणून. खिडकी लावायची म्हणून. दुपारी एकशे एक. पेन खिशातच होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई धावत आली.

"बाई, पळा! पोर गार पडली! बर्फासारखी लागतेय हाताला!"

डॉक्टरीणबाई एका चपलेनिशी धावल्या. भिंगरी उठून बसली होती आणि बिस्किटाचा चुरा चादरीवर पाडत होती. थर्मामीटर, अठ्ठ्याण्णव.

"गार कुठली! ताप उतरलाय, वहिनी! उतरला!"

सिस्टरनी चक्क टाळी वाजवली. आईनं हसत-रडत डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले.

डॉक्टरीणबाईंचं हसू अर्ध्यातच थांबलं. त्यांनी आईचे ते कढत तळवे सोडले नाहीत. उलटे केले, मग मनगटाला बोटं लावली.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "पडदा ओढा जरा."

"आता कुणासाठी?" आईनं विचारलं.