तिच्या तोंडचं एक वाक्य

संपादकांनी ‘प्रेमळ’वर काट मारली. मग ‘सोशिक’वरही मारली. असली विशेषणं कुठल्याही बाईच्या मृत्युलेखात डकवता येतात, असं ते जन्मभर नवशिक्या लेखकांना सुनावत आले होते. आता स्वतःच्या बायकोवर लिहिताना सूट कशी घ्यायची? माणूस कागदावर उभा करायचा तर त्याच्या तोंडचं एक वाक्य द्यावं, हाही त्यांचाच धडा.

पेन टेकवून ते बसून राहिले. वाक्य काही येईना.

बायको तर लख्ख दिसत होती. दारात उभी, काहीतरी सांगायला आलेली. पण तिचे शब्द म्हणाल तर एकच: ‘बरं.’ चहा कर, बरं. पाहुणे येणार आहेत, बरं. एवढ्यावर लेख कसा उभा राहणार? त्यांना रडू आलं आणि मेलेल्या बायकोचा थोडा रागही आला.

मुलगी आईचं कपाट आवरत होती.

“तुझी आई फार अबोल होती, नाही?”

“आई? अहो बाबा, तुम्ही ऑफिसला गेलात की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तिचा! सगळ्या शेजाऱ्यांच्या नकला करायची. तुमची तर हुबेहूब.”

“मग माझ्यापुढे का गप्प असायची?”

मुलीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली.

“ती म्हणायची, ‘माझी मदत करा.’ तुम्ही म्हणायचात, ‘मला मदत करा, असं म्हण.’ वाक्य सुधारायचं, मदत तेवढी राहून जायची.”

हे त्यांना झोंबलं. पण खोटं म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

“तिचं एक वाक्य सांग मला. जसंच्या तसं. एक अक्षर बदलणार नाही मी.”

त्यांचा आवाज इतका पडला होता की मुलगी घडी टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. बापाने तिच्याकडे असं काही कधी मागितलंच नव्हतं. तिचेही डोळे भरून आले.

“शेवटी शेवटी ना बाबा, मी तिची उशी सारखी करत होते. तर तुमचं नाव काढून ती मला बोलली...”

“म्हणाली,” संपादक म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि कपाटाकडे वळली.

“बरं,” ती म्हणाली.