तिसरा परिच्छेद

“ही माझी नव्हं गं. ही सगुणाची हाय. म्या नुसती म्हणते.”

रखमाआत्याचा आवाज. फलटणकडच्या गावी भुईमुगाच्या शेंगा तोडायला बायका गोल करून बसायच्या, हातांची सरसर चालू असायची आणि आत्या मधूनच सूर धरायची:

काळ्या मातीचा गं, माझ्या पावलाला रंग
भाऊ गेला ममईला, गाणं ऱ्हायलं माझ्यासंग

लहानगी संचिता मांडीशी लगटून विचारायची, “आत्या, तू केलीस?” आणि आत्या दर वेळी तेच उत्तर द्यायची. सगुणा कधीच वारली होती. तिच्या घराच्या जागी बाभळी उगवल्या होत्या. ती येऊन भांडणार नव्हती. तरी आत्यानं एकदाही ती ओवी आपल्या नावावर घेतली नाही.

आणि आत्याची ही भाची आता दुसऱ्यांच्या नावावर लिहीत होती.

नौपाड्यात, साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस होतं. संस्था निशाची. संचिताच्या टेबलावरच्या पाटीवर ‘लेखन मार्गदर्शक’ असं होतं. बारावीची पोरं यायची, खुर्चीत घसरून बसायची, मोबाइल उलटा ठेवायची. तिकडच्या विद्यापीठांना पोरांचा निबंध हवा असतो: तू कोण आहेस, तुला हेच का शिकायचंय. पोरं दहा ओळी खरडून आणत. त्या दहा ओळींतून संचिता एक आयुष्य उभं करायची. आधी ती फक्त चुका दुरुस्त करायची. मग वाक्यं. मग एखादा परिच्छेद. आता पालक पूर्ण पॅकेज घ्यायचे, आणि पूर्ण पॅकेज म्हणजे काय हे ऑफिसात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

या रविवारी मात्र गाडं अडलं होतं. डोंबिवलीची प्राप्ती अर्ज पाठवायचं बटण दाबायला तयार नव्हती.

“संध्याकाळी मुदत संपतेय,” निशा फोनवर म्हणाली. “वडील पैसे भरून बसलेत. तू जा, पोरीला दाबायला लाव आणि ये. एवढंच काम आहे.”

एवढंच काम. रिक्षात बसल्यापासून संचिताच्या डोक्यात तेच दोन शब्द खडखडत होते.

एमआयडीसीला लागून असलेलं ते जुनं आगऱ्यांचं गाव. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधल्या खोलगट जागेत गाव उरलं होतं. प्राप्तीच्या वडिलांचा, शिवरामचा, बंगला दुमजली, गुलबक्षी रंगाचा. गाड्यांचा धंदा होता, डंपर आणि टँकर भाड्यानं जायचे. दारात तो स्वतःच उभा होता.

“या मॅडम, या. हिची आई गेलीय हळदीला, नायतर जेवल्याशिवाय सोडली नसती तुमाला. आता तुमीच समजवा. माझं तर ऐकतच नाय. सकाळपासून तोंड शिवून बसलीय.”

प्राप्ती सोफ्याच्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावर अर्ज पूर्ण भरलेला होता. तळाशी एक रिकामी चौकट होती आणि चौकटीपुढं एक वाक्य: हे लेखन माझं स्वतःचं आहे. तिथं खूण केली की पाठवायचं बटण उघडणार.

“काय अडलंय गं?” संचितानं विचारलं. आवाज मऊ ठेवायचा होता, पण उन्हातून आल्यामुळं की कशामुळं, तो चिडकाच निघाला.

“काय नाही.”

“मग कर ना खूण.”

“करते.” पण हात हलला नाही.

शिवरामनं पंखा वाढवला, पाणी आणून ठेवलं. “मॅडम, एक काम करा. मला मराठीत वाचून दाखवा, काय लिवलंय ते. मी पण ऐकलेलं नाय. मग बापाच्या समोर दाबंल ती.”

संचितानं लॅपटॉप घेतला. इंग्रजी ओळी मराठीत सांगताना तिचा आवाज आपोआप लयीत गेला. लिहितानाही तसंच झालं होतं. दोन परिच्छेद गावाचे: खाडीवरून येणारं वारं, आजोबांचं, धाकूबाबांचं भाताचं शेत, बांधावरची चिंबोऱ्यांची बिळं. मग तिसरा.

“त्या सकाळी शेतात पाणी आलं ते गुलाबी. कारखान्यांच्या भिंतींआड बसलेल्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या माणसांनी ते पाठवलं होतं. आजोबांनी ओंजळ भरून घेतली आणि काही न बोलता सोडून दिली. मी त्यांच्या बोटांवर उरलेला रंग पाहिला आणि त्याच दिवशी ठरवलं, मी पाणी स्वच्छ करायला शिकेन.”

शिवराम खाली बघत होता. मग त्यानं नाक पुसलं. “आमचा म्हातारा उभा केलात तुमी. त्याच्यानंतर नाय लावला भात त्यानं. साले कारखानेवाले... वा मॅडम. पैशे वसूल.”

पैसे वसूल. संचिताला हे ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला. चांगलं लिहिलं होतं तिनं, हे तिलाही ठाऊक होतं. असे किती परिच्छेद तिच्या हातून गेले होते, कुणाकुणाच्या नावानं, आणि तिचं स्वतःचं असं एक पानही कुठं नव्हतं.

“ऐकलंस? आता दाब,” शिवराम म्हणाला.

“हे माझं नाहीये, पप्पा.”

“कुणाचं हाय मंग? आजा तुझा, शेत तुझं.”

“लिहिलंय मॅडमनी. आणि खाली मी लिहिलं म्हणून सांगायचं.”

“अगं येडे.” शिवराम हसला, संचिताकडं वळला. आता आपण पटवणारच, अशा थाटात पुढं सरकून बसला. “मॅडम, आमच्यात लग्नात धवलारीण येते, माहीत हाय तुमाला? म्हातारी बाई असते. ती धवले, म्हंजे लग्नाची गाणी बोलते, मंग लगीन लागतं. आता नवऱ्याला येतात का धवले? नवरीला येतात? नवरीच्या आयशीला पण नाय येत. आपण काय करतो, धवलारणीला बोलवतो, साडी-चोळी करतो, मानपान देतो, ती गाते. म्हणून काय लगीन धवलारणीचं झालं? लगीन तर आपलंच राहतं ना!”

संचितानं पाण्याचा ग्लास उचलला. मनातल्या मनात स्वतःची समजूत घालताना तिला इतकं चांगलं काही सुचलं नव्हतं. खरंच की. शब्द एकाचे, सोहळा दुसऱ्याचा. यात चोरी कुठं आली?

“पण मांडवात सगळ्यांना दिसतं, कोण गातंय ते,” प्राप्ती म्हणाली. “नवरी उठून बोलत नाही, की मीच गातेय म्हणून.”

“बघा! वकिलीला घालायला पायजे होती हिला.”

“मी मस्करी नाही करत, पप्पा.”

शिवरामचा फोन वाजला. कुठली तरी गाडी बंद पडली होती. “अरे, बॅटरीची वायर हलवून बघ ना, मला काय विचारतो? रविवार हाय!” तो ओरडत ओट्यावर गेला.



“हे बघ,” संचिता म्हणाली, “सगळेच करतात. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर जी पोरं बसायची ना, सगळी. तू एकटीनं नाही केलंस तर तुझीच जागा जाईल. मी फक्त शब्द दिले. गोष्ट तुझीच आहे.”

“नाही ना पण.”

“काय नाही?”

“तिसरा परिच्छेद.”

“तोच तर आहे निबंध! तो काढलास तर राहतं काय?” संचिताचा आवाज चढला. “तू काय आणलं होतंस आठवतंय? ‘आमच्या शेतात रंगीत पाणी आले. त्यानंतर आजोबांनी भात लावला नाही. मला सांडपाणी शुद्ध करायला शिकायचे आहे.’ तीन वाक्यं, आणि पुढं शाळेतल्या प्रकल्पाची माहिती. यावर कोण बोलावणार आहे तुला?”

“पण ती तीन खरी होती.”

संचिताला उठून जावंसं वाटलं. ही पोर काही करूही देत नव्हती आणि स्वतः काही करतही नव्हती. खाली तोंड घालून हात चोळत बसली होती. “ठीक आहे. मग तू लिही. आत्ता. मी इथं बसते. वेळ आहे अजून. लिही तुझं तू, आणि कर खुशाल खूण.”

प्राप्तीनं लॅपटॉप ओढून घेतला. तिसरा परिच्छेद निवडला आणि पुसला. तिथं पांढरी जागा उरली. त्या जागेत तिनं एक शब्द टाकला, खोडला. दुसरा टाकला, खोडला. तिच्या मानेवर घाम आला होता.

संचिता बघत राहिली. तिचा राग थोडा खाली बसला आणि त्याखाली काहीतरी वेगळंच टोचायला लागलं. ही आळशी पोर नव्हती. हिला लिहिता येत नाही असंही नव्हतं. बोटं येऊन एकाच ठिकाणी थांबत होती.

“प्राप्ती,” ती हळू म्हणाली, “पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, पाणी कुठून आलं. तू म्हणालीस, नाल्यातून. मी म्हटलं, नाल्यात कुठून. तेव्हा तू म्हणालीस, तुम्हीच लिहा ना मॅडम.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

प्राप्तीनं मान वर केली. “तुम्ही परत विचारलंच नाहीत. तुम्ही लिहूनच टाकलं.”

संचितानं ग्लास खाली ठेवला. खरंच, नव्हतं विचारलं. पोर गप्प बसली तेव्हा संचिताला मनातून आनंदच झाला होता. मोकळी जागा मिळाली की शब्द आपोआप यायचे तिला, आणि ती जागा मोकळी का आहे हे विचारायला पॅकेजमध्ये सवड नव्हती. तिनं भिंती उभ्या केल्या, भिंतींआड माणसं बसवली, त्यांना चेहरे दिले नाहीत. वाचणाऱ्याला अशी माणसं आवडतात. कुणाचीच नसतात ती.

शिवराम आत आला. “झालं का?” मग पडद्यावरची पांढरी जागा दिसली. “हे काय? कुठं गेलं सगळं? मॅडम, हे काय चाललंय? पैशे काय हिला कोरं पान बघायला भरले का मी?”

“तिला स्वतः लिहायचंय.”

“काय लिवणार ती? एवढं चांगलं होतं! चुकीचं काय होतं त्यात, सांग ना. कारखानेवाल्यांनी सोडलं पाणी, अख्ख्या गावाला माहीत हाय. माझ्या बापाचं शेत गेलं, आणि तुला लाज वाटते लिवायला?”

“मला लाज नाही वाटत.”

“मंग काय? घाबरते कुणाला? नाव घेतलंय का आपण कुणाचं?”

“नाही घेतलं. तेच तर.”

शिवराम तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. त्याचा आवाज उतरला. मोठ्या हातानं त्यानं लॅपटॉप अलगद बाजूला केला, लहानपणी तिच्या हातातली कात्री काढून घ्यायचा तसा. “बाय माझी. काय झालंय? मी इतका जीव टाकतो तुझ्यावर. तू जा, शीक, साहेबीण हो. मला काय पायजे दुसरं? एक खूण करायची हाय. बोल ना, कशाला अडलीस?”

प्राप्तीनं आधी संचिताकडं पाहिलं. संचितानं या वेळी काही सुचवलं नाही. एक शब्दही नाही.

“पप्पा, तो रंग भिंतीआडून नव्हता आला,” प्राप्ती म्हणाली. “आपल्या टँकरमधून आलेला. कारखान्यातून भरून आणलेला तुम्ही. पुलाच्या खाली गाडी लावून तुम्ही व्हॉल्व्ह फिरवला ना नाल्यात, तेव्हा मी केबिनमध्ये बसलेले. तुम्ही मला फिरायला नेलेलं. मी खिडकीतून बघत होते, आणि मला वाटलेलं, किती भारी रंग आहे.”