एका खाटेला दोन होकार

या, बसा साहेब. भाचीच्या ऑफिसातून आलात म्हणजे तिचंच विचारणार. सांगतो, सगळं सांगतो. फक्त मधेच मोबाइल काढायचा नाही.

मी ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही. भाची मात्र हुशार. माझी बहीण गेली तेव्हा ही एवढीशी होती, माझ्या बायकोनंच तिला वाढवलं. मामी म्हणायची, पण भांडायची आईशी भांडावं तशी.

आमच्या दवाखान्याच्या शाखा गावभर पांगलेल्या. कुठं खाट रिकामी आहे ते सगळ्या शाखांत पडद्यावर दिसावं, ते काम हिनंच केलं. एकदा जेवताना म्हणाली, "मामा, शाखांमधली लाइन तुटली तर मशीनला गप्प बसवू, की जवळ आहे त्या माहितीवर बोलू देऊ?"

"दोन्ही कर की."

"तेच तर जमत नाही! गप्प बसलं तर चूक नाही, पण पेशंट दारात खोळंबणार. बोललं तर काम चालू, पण एकच खाट दोघांना दिली जाईल."

बायको म्हणाली, "बोलू दे गं. तुझ्या मामाला तरी कुठं माहीत असतं? तरी रस्ता सांगतोच."

हसलो सगळे. तिनं डॉक्टरांना विचारलं, नर्सबाईंना विचारलं. सगळे म्हणाले, बंद नको. तसंच ठेवलं.

मग कुणीतरी रस्ता खोदला आणि केबल तुटली. नेमका त्याच दिवशी बायकोला श्वास पुरेना. आमच्या शाखेत श्वासाचं मशीन रिकामं नव्हतं. पडदा म्हणाला, पुलापलीकडच्या शाखेत एक खाट आहे, मशीनसकट. ती बायकोच्या नावावर केली. मी गाडी पळवली.

पोचलो तर त्या खाटेवर शाळेतली एक पोर. तिसऱ्या शाखेच्या पडद्यानंही तिला होच म्हटलेलं. ओठ निळे पडले होते हो तिचे. काय भांडणार? गाडी वळवली. बायको वाटेतच गेली.

पुढचं ऐका. लाइन जुळल्यावर खाटांच्या मशीननं हिशेब लावला. एका खाटेला दोन नावं चालत नाहीत म्हणून एक ठेवलं, एक पुसलं. भाची शोधत बसली, तर नोंदीप्रमाणे मामी त्या दवाखान्यात आलीच नव्हती!

दारात उभी राहून मला म्हणाली, "गप्प बसवलं असतं तर लोकांनी फोन करून खात्री केली असती. मामीला दुसरीकडं नेता आलं असतं."

"आणि ती पोर? तीही फोन लागेपर्यंत थांबली असती ना?"

"मला ती पोर नको, मामा. मामी हवी." म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात दाबला. तेव्हापासून घरी येत नाही.

आता तुम्ही म्हणता, लाइन तुटली की मशीन गप्प, असा नियम करायचं तिनं ठरवलंय. असेलही बरोबर, मला अडाण्याला काय कळतं? पण त्या दिवशी परत येताना मी रडत गाडी चालवली, साहेब. समोरचा सिग्नल लाल की हिरवा, दिसत नव्हता मला.

तेवढं करा. ती नियम बदलायला बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसा. एकटीला बसू देऊ नका.