चिमूटभर पेंड

महानंदा खाद्याचं घमेलं घेऊन शेडमध्ये शिरली, पण एकही पक्षी तिच्या पायांशी आला नाही. रोज नुसती झुंबड उडायची. आज सगळे भिंतीला लागून, पंख पाडून बसले होते. तिनं घमेलं तिथंच टेकवलं.

लातूर नवा जिल्हा झाला, तशी उदगीरकडच्या त्यांच्या गावातही ब्रॉयलरची हवा आली. शाकाहारी लिंगायताच्या घरात कोंबड्या म्हटल्यावर तिच्या सासूनं, गुरम्मानं, घर डोक्यावर घेतलं होतं. शेडकडं ती आजवर फिरकली नव्हती. पण पाऊस रुसला, शेत पडून राहिलं आणि घर या पक्ष्यांच्याच जिवावर चालू लागलं. हे गेले की नवरा-बायकोनं हैदराबादला बांधकामावर जायचं आणि म्हातारीनं एकटं मागं राहायचं, हे ठरल्यासारखंच होतं.

मका मिळेना, तेव्हा नवरा, माणिकप्पा, डाळमिलमधून तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडून उरलेला चुरा, आणि तेलघाण्यावरून भुईमुगाची पेंड आणू लागला. त्यावर पक्षी बरे वाढत होते. पेंडीला बुरशी धरली की मात्र ती विषच. म्हणून नवं पोतं फोडलं की महानंदा चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. कडवट लागली की पोतं परत.

या खेपेचं पोतं फुटलं ते श्रावणी सोमवारी. कडक उपास होता, तोंडात काही घालायचं नव्हतं. तिनं नुसता वास घेतला, ठीक वाटला, आणि पेंड घातली.

आता ती धावत पोत्याकडं गेली. चिमूट जिभेवर ठेवली. कडू जहर.

माणिकप्पाला वाटलं, टँकरच्या पाण्यानं झालं असेल. ती हो म्हणत राहिली. मेलेले पक्षी खड्ड्यात लोटतानाही तिनं खरं सांगितलं नाही. शेवटी राहवेना, तेव्हा ती सासूजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, म्या चाखली न्हाई. उपास व्हता."

गुरम्मा उठून देवघरात गेली. त्याचीच महानंदाला जास्त भीती वाटली.

ते पोतं उकिरड्यावर गेलं. निम्मे पक्षी वाचले, पण नुसत्या चुनीवर वाळत चालले. नवी पेंड आली तीही नेमकी सोमवारी सकाळी. महानंदानं पोतं फोडलं, हात आत घातला आणि तो तिथंच राहिला. चाखावी तर देव कोपेल, न चाखावी तर उरलेलेही जातील. मागं काठी वाजली. गुरम्मा नाकाला पदर लावून दारात उभी होती.

"आन हिकडं."

"तुमचाबी उपास हाय की."

"लई सोमवार धरले म्या. शिव मला वळखत न्हाई व्हय?"

तिनं एक हात गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि पेंड तोंडात घातली. डोळे मिटून चघळत राहिली. महानंदा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"घाल," गुरम्मा म्हणाली.

संध्याकाळी उपास सोडायला महानंदानं दोघींची ताटं मांडली. गुरम्मानं आपलं ताट बाजूला सारलं.

"तू बस आधी. माझा सकाळीच सुटला," ती म्हणाली, आणि सुनेला वाढू लागली.