डावा अंगठा

इफ्रा आमच्या अभ्यासिकेतली सगळ्यात हुशार मुलगी, आणि जोड्या लावायच्या प्रश्नांत सगळ्यात मोठी गाढव. हे मी तिला तोंडावर सांगायचे. सात रस्त्याजवळच्या त्या अभ्यासिकेत आम्ही दोघी शेजारीशेजारी बसून दुसऱ्यांदा 'नीट' परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा एवढा हक्क माझा होताच.

गेल्या वर्षी तिची सरकारी मेडिकल कॉलेजची सीट नऊ मार्कांनी हुकली होती. तिचे अब्बू, इलाहीबक्ष चाचा, रिक्षा चालवतात. रोज सकाळी आम्हाला सोडताना ते तेच सांगायचे. "ह्या साली झालं तर डॉक्टर, न्हाय झालं तर बी.एस्सी. तिसऱ्यांदा न्हाय हां इफ्रा, मागं धाकटी हाय की." बोलण्यात राग नसायचा, म्हणून तर तिला भांडताही येत नव्हतं.

मार्चमधल्या सराव परीक्षेत तिचे चार प्रश्न चुकले. चारही जोड्यांचे. प्रत्येकाचे चार मार्क गेले, वर एकेक कापला गेला. वीस मार्क पाण्यात. मला तिचा असा राग आला की मी वही तिच्यापुढं आपटली.

"घाई करतीस तू."

"घाई न्हाय गं संघप्रिया. येतंय मला सगळं. विचार की."

मी विचारलं. कुठल्या ग्रंथीतून कुठलं संप्रेरक, तिनं न अडखळता सांगितलं. मग मी तोच प्रश्न तिच्यापुढं सरकवला. "आता बालवाडीतल्यासारखं बोट ठेवून सोडव."

तिचं बोट उजव्या रकान्यावर गेलं आणि तिथून डावीकडं आलं.

"उलटं का सुरू करतीस?"

"उलटं कुटं? पहिला रकाना..." ती बोलता बोलता थांबली.

दहावीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकली. तिथल्या पुस्तकांत पहिला रकाना उजव्या हाताला असतो. इंग्रजी वाचताना तिची गल्लत होत नसे, पण घड्याळ पुढं पळायला लागलं की रकान्यांवर डोळा जुन्या वाटेनं जायचा. जोड्या बरोबर लागायच्या, क्रम उलटा यायचा, आणि पेपर काढणाऱ्यांनी तो उलटा क्रमही पर्यायांत ठेवलेला असायचा.

"गेल्या साली माझ्या दोन जोड्या चुकल्या होत्या," ती म्हणाली. "दहा मार्क."

मला वाटलं आता ही रडणार. मला स्वतःला रडू आलं होतं. तिनं मात्र डावा अंगठा डाव्या रकान्याच्या डोक्यावर दाबला आणि पुढचा प्रश्न घेतला.

त्या दिवसापासून रोज चाळीस जोड्या. आधी अंगठा, मग डोळा. एप्रिलात ऊन त्रेचाळीसवर गेलं, पंखे बंद पडायचे, पानं घामानं ओली व्हायची. हिचा अंगठा काही हलत नव्हता. मी तिला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायचे. "व्हय, हाय मी," ती मान वर न करता म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी मला माझ्यापेक्षा तिचीच धास्ती होती. तिथली घाई काही अभ्यासिकेतल्यासारखी नसते. बाहेर आल्यावर मी पहिलं तेच विचारलं, "जोड्या?"

तिनं प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. वर्गात हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला होता. मी शाई लगेच पुसून टाकली होती. हिनं पुसलीच नव्हती. जोड्यांच्या प्रत्येक प्रश्नावर निळा ठसा होता. पहिला गडद, पुढचे फिकट होत गेलेले, शेवटचा तर नुसती सावली. सगळे डाव्या रकान्यावर.

पुढं निकाल लागला, तिला सरकारी सीट मिळाली. जोड्यांतली एकही चुकली नव्हती. माझ्या दोन चुकल्या, घाईत.

पण निकाल खरा परीक्षेच्या संध्याकाळी रिक्षातच लागला. चाचांनी गाडी सुरू न करता प्रश्नपत्रिकेची पानं उलटली, एकेका ठशावर थांबले.

"माज्या आईनं जल्मभर अंगठाच लावला," ते म्हणाले, "लिवता येत न्हवतं म्हणून."

मग त्यांनी प्रश्नपत्रिका नीट घडी घालून सीटखाली, रिक्षाच्या कागदांबरोबर ठेवली.